पुळण कोणाची?

‘समुद्र काय तुमच्या बापाचा आहे का?’ हे वाक्य मी आजवर तीन-चार किनाऱ्यांवर तरी ऐकलं आहे. दरवेळी बोलणारा वेगळा, ऐकणारा वेगळा. सूर मात्र तोच. गेल्या मार्गशीर्षात ते पुन्हा ऐकलं, मालवण आणि वेंगुर्ल्याच्या दरम्यानच्या एका लहानशा गावात. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. एक तर तिथे आधीच पुरेशी गर्दी होऊ लागली आहे. आणि दुसरं म्हणजे याच गावात मी १९८६ ते ८९ अशी तीन वर्षं एका बँकेचा शाखाधिकारी होतो, तेव्हाची काही माणसं अजून हयात आहेत आणि हा लेख वाचतील.

शुद्ध चतुर्दशी होती. दुपारचे बारा वाजून गेले होते. पुळणीवर आमच्यासारखे दोन-चार रिकामटेकडे, आणि गुडघाभर पाण्यात काठी धरून उभा असलेला एक म्हातारा. अंगात विटकी बंडी, खाली अर्धी चड्डी, कमरेला आमिषाची पिशवी. मी त्याला ओळखत होतो. तो चाळीस वर्षं गरवतो आहे. म्हणजे गरी टाकून मासे धरतो आहे. इतक्यात घाटावरून आलेलं एक कुटुंब उतरलं. नवरा, बायको, दहा-बारा वर्षांचा मुलगा, त्याची धाकटी बहीण आणि काठावर सतरंजी पसरून बसलेल्या आजी. मुलं थेट म्हाताऱ्याच्या शेजारच्या पाण्याकडे धावली, आणि म्हातारा एकदम ओरडला, ‘हय उतरू नकात! थय जावा, थय!’

नवरा चिडला. बायकोमुलांदेखत, तेही एका चड्डीतल्या माणसाने ओरडावं, हे कोणालाही लागतंच. मग ते वाक्य आलं. म्हाताऱ्याने उत्तर दिलं नाही, नुसता हात हलवत राहिला. कुटुंब अखेर शंभर पावलं पलीकडे गेलं. पण जाताना नवरा मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाला, ‘मासे पळतात म्हणून हाकलतोय. जागा अडवून बसलेत सगळे.’

त्या माणसाची समजूत चुकीची होती. पण तिचं मूळ समजण्यासारखं आहे. शहरातला माणूस वर्षभर जागेसाठीच भांडत असतो. लोकलमध्ये जागा, पार्किंगला जागा, सोसायटीच्या गच्चीवर वाळवण घालायला जागा. समुद्रावर आल्यावरही कोणी ‘इथे नको’ म्हणालं, की तोही आपली जागा राखतो आहे असंच त्याला वाटतं.

वस्तुतः त्या दिवशी पाण्याची मांडणी अशी होती. म्हाताऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होत होता आणि मधोमध पंधरा-वीस पावलं रुंदीचा, जरा काळपट, जवळजवळ सपाट पट्टा होता. नवख्याला वाटतं, लाटा नाहीत तिथे पाणी शांत. मुलांना तिथेच सोडावं. खरं तर नेमकं उलट असतं. लाटा फुटतात त्या खालच्या वाळूच्या उंचवट्यावर. त्या उंचवट्यांवरून जे पाणी किनाऱ्याकडे ढकललं जातं, ते कुठून तरी परत जायला हवं ना? ते दोन उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेने परत जातं. तिथे पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही. आणि ओढ आत, म्हणून वर फेस टिकत नाही. त्यात सापडलेल्या माणसाला पाणी खाली खेचत नाही, बाहेर समुद्राकडे वाहून नेतं. माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमून बुडतो. त्याने किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायला हवं असतं. ते जमत नसेल तर अंग सैल सोडून तरंगत राहायचं आणि हात वर करून मदत मागायची. पण हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आता याच वाटेने वाळूतले किडे, लहान कोळंबी असलं खाद्य ढवळून वाहत येतं. मासे ते खायला तिथे येतात, आणि माशांमागोमाग गरवणारा. म्हणजे गंमत अशी, की ज्या पाण्यात गरवणारा जाणूनबुजून उभा राहतो, ते बरेचदा न्हाणाऱ्याने टाळायचं पाणी असतं. प्रत्येक वेळी असेलच असं नव्हे. पण किनाऱ्यावर गेल्यावर पाण्याबद्दल पहिला प्रश्न विचारायला काठीवाल्यासारखा माणूस नाही. त्याने तासभर त्याच पाण्याकडे पाहिलेलं असतं. आपण तोवर भेळ खात असतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ही बातमी अनेकांना आठवत असेल. त्या दिवसाचा निवाडा करायचा मला अधिकार नाही. परंतु अशी एखादी बातमी वाचली, की मी ती नेहमी एकच गोष्ट शोधत वाचतो : किनाऱ्यावर तेव्हा पाणी ओळखणारं कोणी होतं का, आणि असलं तर कोणी त्याच्याशी बोललं का?

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण नाहीतर वाचकांना वाटेल की गरवणारे सगळे साधुसंत आणि पर्यटक तेवढे उर्मट. मला गरी टाकायला याच गावाने शिकवलं. १९८७ सालची गोष्ट असेल. शनिवारी दुपारी शाखा बंद झाली की मी काठी घेऊन पुळणीवर जात असे. तरुण होतो, आणि शिशाचं वजन लांब भिरकावण्यात एक मर्दुमकी वाटत असे. एका शनिवारी मी काठी मागे घेतली, झटका दिला, आणि तंगूस पुढे गेलाच नाही. मागून एक किंकाळी आली. सात-आठ वर्षांच्या एका पोराच्या पोटरीत माझी गरी रुतली होती.

गरीला आकडा असतो. घुसलेली गरी मागे ओढली तर मांस फाडून येते. दवाखान्यातल्या कंपाउंडरने ती पुढे रेटून टोक बाहेर काढलं, आकडा पक्कडीने तोडला आणि मग उरलेली तार मागे ओढून घेतली. पोर एका क्षणानंतर रडलंसुद्धा नाही. त्याचा बाप आला तेव्हा मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तोच हसून म्हणाला, ‘काय नाय झाला सायेब. पोरगोच आडवो इलो.’

मी निश्चिंत होऊन घरी गेलो. रात्री जेवताना लक्षात आलं, की या माणसाचा होडी आणि जाळ्यासाठीचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखालचा अर्ज. माझ्या सहीशिवाय हलणार नव्हता. पोरगा आडवा आलाच नव्हता. तो आपल्या नेहमीच्या वाटेने, आपल्या घरामागच्या पुळणीवरून चालला होता. आडवा मी आलो होतो. आणि त्याचा बाप जे बोलला ते सौजन्य नव्हतं. ती धास्ती होती. कर्ज मंजूर झालं. ते होणारच होतं, कागद चोख होते. पण सही करताना माझा हात जड झाला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. पैसे हाती पडल्यावर तो काउंटरपाशी थांबला आणि हळूच म्हणाला, ‘सायेब, पाठी बघून टाकूक व्हया.’ पैसे मिळाल्यावरच म्हणाला. त्याआधी म्हणाला नाही.

म्हणून ‘किनाऱ्यावर सगळ्यांनी एकमेकांशी सौजन्याने वागावं’ असं कोणी म्हणू लागलं, की मला जरा सावध व्हावंसं वाटतं. सौजन्य दाखवण्याची पाळी बहुधा तिथे राहणाऱ्यावर येते. पाहुणा दोन दिवसांचा, त्याच्या खिशात पैसे. गावात कोणाची खोली त्याने घेतलेली, कोणाच्या बायकोने केलेली सोलकढी त्याने प्यायलेली. मग पहाटे रापण ओढायला अनवाणी उतरलेल्या माणसाच्या पायात रात्रीच्या पार्टीतल्या बाटलीची काच गेली, तरी तो कोणाला काय बोलणार? पाय बांधतो आणि पुन्हा दोर धरतो.

रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी : होडीतून जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकत नेतात, त्याचे दोन्ही दोर पुळणीवर असतात, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा ते तासन्‌तास ओढत किनाऱ्याला आणतात. याला पुळण मोकळी लागते, लांबच लांब लागते, आणि ती ठरावीक वेळीच लागते. मासळीची थवी दिसली की ‘जरा थांबा, इथे फोटो चाललाय’ असं म्हणून भागत नाही. दोर ताणलेला असताना तो ओलांडून पळणारी पोरं, जाळ्याच्या वेढ्यातून जाणारी पाण्यावरच्या खेळांची बोट, या गोष्टी बघणाऱ्याला किरकोळ वाटतात. पण त्यात एका दिवसाचे पन्नास जणांचे वाटे जातात. उलट मी स्वतः कितीदा तरी दोराला हात लावला आहे, आणि जाळं आल्यावर कोणी न मागता माझ्या हातात दोन बांगडे ठेवले आहेत. शाखाधिकारी होतो म्हणून नव्हे. माझ्या शेजारी ओढणाऱ्या गोव्याच्या ट्रक-ड्रायव्हरलाही दोनच मिळाले होते.

तर मग पुळण कोणाची? कायद्याचं उत्तर फार जुनं आहे. इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याचं जे पाठ्यपुस्तक सिद्ध झालं, त्यात हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा या गोष्टी निसर्गतःच सर्वांच्या सामाईक आहेत असं म्हटलं आहे. मला त्यातला पुढचा तपशील अधिक आवडतो : किनाऱ्यावर कोणीही आसऱ्यापुरती खोपटी बांधावी, जाळी वाळवावीत, जाळी समुद्रातून ओढून घ्यावीत. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याच्याही डोळ्यांसमोर किनारा म्हटल्यावर आधी जाळं आलं होतं. आपल्याकडे डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या एका प्रकरणात हेच तत्त्व उचलून धरलं. समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, वनं यांचं सरकार मालक नव्हे, विश्वस्त आहे, असं सांगितलं. त्याआधी फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारपट्टीच्या बांधकामांवर बंधनं घालणारी केंद्राची अधिसूचना निघाली होती. तिच्यात पुढे बरेच फेरफार झाले, त्यात इथे शिरत नाही.

‘विश्वस्त’ या शब्दाशी बँकेत माझा बराच संबंध आला. विश्वस्तांच्या खात्यावर सह्या करणारे पुष्कळ असतात, पण कोणालाही त्यातला पैसा स्वतःचा म्हणून उचलता येत नाही. आणि लाभार्थींमध्ये अज्ञान बालकं असली, तर त्यांचा वाटा आधी पाहावा लागतो. म्हणजे समुद्र कोणाच्याच बापाचा नाही, हे त्या चिडलेल्या गृहस्थांचं म्हणणं कायद्याने बरोबरच होतं. फक्त त्यांनी ते चुकीच्या माणसाला ऐकवलं.

याच वाक्याला पात्र ठरणारे गरवणारेही आता वाढले आहेत, हेही सांगितलं पाहिजे. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याहून हौशी मंडळी बारा-बारा फुटी परदेशी काठ्या घेऊन येऊ लागली आहेत. त्यांतले कितीक जण फार चांगले. मासा धरून, फोटो काढून परत पाण्यात सोडतात, आणि माशांबद्दल माझ्यापेक्षा अधिक जाणतात. पण एक माणूस पाच काठ्या ओळीने वाळूत रोवून खुर्ची टाकून बसला, की शे-दीडशे फूट पुळण बंद झाली. सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं त्या तंगुसाखालून वाकून जातात. पहाटे तो दिसतही नाही. गुंता झालेला तंगूस कापून तिथेच टाकतात. तो कुजत नाही. कुरवांच्या पायांत तो अडकलेला मी पाहिला आहे. नको असलेला शिंगाळा वाळूवर भिरकावून देतात. त्याचा विषारी काटा चपलेतून आरपार जातो, आणि मेलेल्या माशाचाही जातो. स्थानिक माणूसही हे करतो, पण निदान त्याला आपल्याच पोरांची भीती असते.

हौशी असो वा गावचा, काठी धरणाऱ्याची अडचण एकच : त्याचं तोंड समुद्राकडे आणि पाठ माणसांकडे असते. त्याचा छंदच तसा आहे. म्हणून नियम त्यानेच आधी पाळायचा. फेकण्यापूर्वी मान मागे वळवायची, दर वेळी. गर्दीच्या शनिवार-रविवारी, नाताळात, मे महिन्यात पुळणीच्या मधल्या भागात काठी काढायचीच नाही. टोकाला, खडपाच्या बाजूला जायचं, किंवा सूर्योदयापूर्वी येऊन आठला आवरायचं. आणि न्हाणाऱ्याने, घोडागाडीवाल्याने, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी काठीच्या पुढून नव्हे, मागून जायचं. तेही पाचपन्नास फूट सोडून आणि आवाज देऊन. ‘काका, मागून जातोय हां’ म्हणायला काही पडत नाही.

रात्रीची गोष्ट वेगळी. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि त्यानंतर कोकणात ठिकठिकाणी ते काम उभं राहिलं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात रात्री पुळणीवर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येऊन उजेडाच्या दिशेने निघतात. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री उजेड समुद्राच्या बाजूला अधिक असतो, म्हणून ती समुद्राकडे जातात. कपाळावर प्रखर दिवा बांधून बसलेला गरवणारा, शेकोटी पेटवणारं टोळकं आणि वाळूवर गाडी घालून चाकं फिरवणारा शूरवीर, तिघेही इथे एका माळेचे मणी. गाडी घालणाऱ्याचा समाचार पुष्कळदा भरतीच घेते. मग गावातला ट्रॅक्टर येतो आणि ज्यांना सकाळी ‘ए बाजूला हो’ म्हटलेलं असतं, तीच माणसं गाडी ढकलतात.

भरती कधी, हे मात्र येणाऱ्यांपैकी शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसतं, आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. तीनच्या सुमारास पुरी भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक जागेप्रमाणे पडतो. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी छापलेली असते, आणि पाऊणकी आमच्या पिढीला तरी पाठ होती. ग्रामपंचायती पुळणीच्या तोंडाशी ‘पोहणे धोक्याचे आहे’ असा एक फलक लावतात. बाराही महिने, चोवीस तास तोच फलक. त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? त्यापेक्षा एक काळा फळा लावावा आणि जीवरक्षकाने किंवा शाळेतल्या पोराने रोज सकाळी खडूने लिहावं : आज भरती अमुक वाजता, ओहोटी अमुक वाजता, न्हायला अमुक माडापासून तमुक माडापर्यंत, गरवणाऱ्यांनी खडपाकडे. खर्च एका खडूचा. मी हे त्या गावच्या सरपंचबाईंना सांगितलं आहे. त्यांनी ‘बघू’ म्हटलं. बँकेत मीही असाच ‘बघू’ म्हणत असे, त्यामुळे अर्थ मला कळतो. पण सोडणार नाही.

त्या कुटुंबाचं सांगायचं राहिलं. चतुर्दशीला पाऊणपट साडेदहा. म्हणजे ओहोटी पावणेपाचच्या सुमारास. साडेचारला मी पुन्हा पुळणीवर गेलो, तर ते गृहस्थ मुलाला घेऊन पाण्याच्या कडेने फिरत होते. दुपारी जिथे सपाट पाणी होतं, तिथे आता दोन्ही बाजूंना वाळूचे उंचवटे उघडे पडले होते आणि मधून एक घळ समुद्राकडे गेली होती. मी म्हटलं, ‘काठी घालून बघा.’ माझ्या हातातली काठी त्यांनी आत घातली. ओहोटीला, काठाजवळच, ती त्यांच्या छातीइतकी आत गेली. आणि मुठीत धरलेली काठी पाणी ओढत होतं. बराच वेळ त्यांनी ती बाहेर काढली नाही. मुलाचा हात मात्र दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता.

‘ते आजोबा कुठे बसतात?’ त्यांनी विचारलं.

म्हातारा खडपाकडे होता. तिथवर आम्ही तिघे चालत गेलो. गृहस्थ काहीतरी बोलण्याच्या तयारीत आलेले दिसत होते, पण म्हाताऱ्याने त्यांना बोलूच दिलं नाही. ‘इलात? पोराक गरवूचा आसा काय?’ म्हणत त्याने काठी मुलाच्या हातात दिली, आणि मग त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला आधी सबंध मागे वळवलं. मागून आजी येत होत्या, साडी सावरत, एका हातात चपला घेऊन. मुलगा त्या बाजूला होईपर्यंत थांबला. मग त्याने काठी फेकली. शिसं जेमतेम दहा फुटांवर पडलं.

आजींनी म्हाताऱ्याच्या पिशवीत डोकावून पाहिलं. आत मुडदुशा होत्या, पाच-सहा. ‘मार्गशीर्ष आहे हो,’ त्या म्हणाल्या, ‘नाहीतर घेतल्या असत्या.’ आणि मग जरा थांबून, ‘पौषात असतात का?’